पात्रवाटप

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून परत येताना ट्राममध्ये धम्मशीलाचा मेसेज आला. 'मिलिंददादा, रविवारी वाचनाला बाबांना घेऊन येते. नागपूरहून आलेत तीन आठवड्यांसाठी. मला या वेळी कोणतं पात्र आहे?' मी सवयीनं लगेच उत्तर लिहायला घेतलं. 'अरे वा, नक्की आण. तुला' इथपर्यंत लिहिलं आणि पुढचा शब्द फोननं आपण होऊनच सुचवला. मोलकरीण. चार वर्षं मी तिला पुन्हा पुन्हा हेच लिहीत आलो होतो, ते फोनला पाठ झालं होतं. नुसतं बोट टेकवलं की झालं. शब्द बरोबरच होता, कारण रविवारच्या नाटकातसुद्धा मी तिला मोलकरीणच दिली होती, तीन वाक्यांची. पण बोट काही टेकवेना. मेसेज तसाच अर्धा ठेवला, फोन खिशात टाकला आणि माझा स्टॉप येईपर्यंत काचेतून बाहेर बघत बसलो.

नॉटिंगहॅममध्ये आम्हाला अकरा वर्षं झाली. त्यातली शेवटची चार मी हे नाट्यवाचन चालवतो. महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी दोन, कम्युनिटी सेंटरच्या वरच्या मजल्यावरची खोली, दहा-बारा माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या आणि कुणीतरी आणलेला चिवडा. नाटक करायचं नाही, बसून मोठ्यानं वाचायचं. आणि तेही जुनं, ज्याचे प्रयोग आता कुणी लावत नाही असं. नाटक ही बघायची गोष्ट, वाचायची नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी मी कॉलेजपासून भांडत आलोय. बघताना तुमची नजर नायकावर असते, कारण उजेड त्याच्यावर असतो. वाचताना उजेड सगळ्यांवर सारखाच. नोकर पाणी ठेवून जातो, तेवढं वाक्यही वाचावं लागतं, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. हे सगळं मी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिलं होतं, 'वाचायलाच हवीत अशी दहा जुनी नाटकं' या लेखात. लेख गाजला, म्हणजे आमच्यात जेवढा गाजू शकतो तेवढा. वॉटफर्डच्या एका बाईंनी फोन करून सांगितलं की तुमच्यामुळे आम्ही घरात नाटकं वाचायला लागलो. मी दोन दिवस हवेत होतो. माझ्या यादीत पहिलं नाटक होतं 'आणखी एक पान', आणि या रविवारी तेच वाचायचं होतं.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं नाटक आहे ते. निवृत्त न्यायाधीश आबासाहेब घरच्या पंगतीत एक पान जास्तीचं मांडायला सांगतात, आपल्या हाताखाली तयार झालेल्या एका तरुण वकिलासाठी. त्याच्या जातीचं नाव तिन्ही अंकांत कुणीही घेत नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळतं. पंगत मोडते, भाऊ घर सोडून जातो, आणि शेवटी मुलगी मालती तेवढी आबासाहेबांच्या बाजूनं उभी राहते. तिसऱ्या अंकात आबासाहेबांचं दीड पानाचं भाषण आहे. ते मी होस्टेलच्या खोलीत मित्रांना वाचून दाखवलं आहे, लग्नाआधी सुचेताला फोनवर म्हणून दाखवलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, आंघोळ करताना अजून म्हणतो. आबासाहेब मीच वाचतो. मालती सुचेता वाचते. मंडळी गमतीनं म्हणतात की पात्रवाटप घरातच होतं, आणि मी हसतो.

घरी आलो, भाताचा कुकर लावला आणि ओट्याशी उभा राहून ग्रुपवरच्या जुन्या याद्या वर सरकवत बसलो. सुट्ट्यांचे आणि रद्द झालेले महिने सोडून आजवर एकतीस वाचनं झाली होती. त्यांतल्या सव्वीसांना धम्मशीला आली होती. अकरा वेळा मोलकरीण. पाच वेळा शेजारीण. चार वेळा नर्स, कारण ती इथल्या हॉस्पिटलात खरीच नर्स आहे आणि 'तुला सोपं जाईल' असं मी त्यापुढे लिहिलेलंही सापडलं, हसऱ्या चेहऱ्यासकट. दोन वेळा नुसता 'आतून आवाज'. उरलेल्या चार वेळा तिला पात्रच नव्हतं, कंसातल्या सूचना वाचायला दिल्या होत्या: दार उघडतं, दिवे मंद होतात, तो हताशपणे खुर्चीत बसतो. ती त्याही नीट वाचायची, कुठे किती थांबायचं ते कळत असल्यासारखी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तिनं 'पडदा' हा एक शब्द असा वाचला होता की कुणी चिवड्याला हात लावला नाही, हे मला तेव्हा जाणवलं होतं. जाणवलं होतं आणि मी ते विसरलो होतो.

कारणं माझ्याकडे होती. माणूस कारणाशिवाय काही करत नाही, निदान पुण्याचा तरी. तिच्या शिफ्ट्स असतात, ऐन वेळी येता आलं नाही तर मोठं पात्र अडून बसेल. पण ती एकतीसपैकी सव्वीस वेळा आली होती. आमचा यतीन, ज्याला मी दर वेळी नायक किंवा निदान खलनायक देतो, तो जेमतेम सतरा वेळा. मग दुसरं कारण. तिची बोली. पहिल्याच वाचनाला ती नागपुरी हेल काढून तीन वाक्यं बोलली, तेव्हा मी म्हणालो होतो, 'वा, मोलकरीण तुझ्या तोंडी अगदी खरी वाटते.' मला ते कौतुक वाटलं होतं, सगळे हसले होते, तीही हसली होती. आता कुकरची शिट्टी होत असताना ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू आलं आणि कान गरम झाले. आमच्यात कुणी कुणाला जात विचारत नाही, हे मी मोठ्या अभिमानानं सांगत असतो. विचारायची गरजच पडत नव्हती. तिचं नावच धम्मशीला होतं. चौदा एप्रिलला तिनं स्टेटसला निळ्या झेंड्यांचा फोटो लावला तेव्हा मी त्याला लगेच हार्ट दिला होता, जरा घाईनंच, आणि देऊन झाल्यावर मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

मग उगाचच चंदाबाई आठवल्या. आमच्या कर्वे रोडच्या घरी भांडी घासायला यायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत मी भावंडांना जमवून नाटकं बसवायचो, पडद्याऐवजी आईचं लुगडं, आणि तेव्हासुद्धा पात्रवाटप माझ्याचकडे. एकदा मोलकरणीला माणूस कमी पडला म्हणून मी मोरीच्या दाराशी जाऊन म्हणालो, 'चंदाबाई, तुम्ही मोलकरीण व्हा ना.' त्या राखेच्या हातानं कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, 'ती तर मी हायेच की रे बाळा. नाटकात तरी मला राणी कर.' घरभर हशा पिकला. राणी मी मामेबहीण नीनाला दिली होती, आणि तिला वाक्यं पाठ होत नव्हती, हेही मला नीट आठवतं. चंदाबाईंना मी शेवटी काहीच दिलं नाही. हा किस्सा मी आयुष्यभर विनोद म्हणून सांगत आलो, कितीतरी पार्ट्यांमध्ये. धम्मशीलाच्या घरी, तिच्याच हातचं जेवताना, एकदा सांगितला होता. ती तेव्हा वाढत होती. हसली की नाही, हे काही केल्या आठवेना.

सुचेता आली तशी मी म्हणालो, "या वेळी मालती धम्मशीलाला देऊ या."

"का?"

"तिचे बाबा येतायत ऐकायला."

"अच्छा." तिनं बॅग खुर्चीला अडकवली. "म्हणजे बाबा परत गेले की मी पुन्हा मालती?"

"तसं नाही गं."

"मग कसं ते सांग. मला काही प्रॉब्लेम नाही, आय हॅव डन इट इनफ. फक्त तू हे तिच्यासाठी करतोयस की स्वतःला गिल्टी वाटतंय म्हणून, ते बघ."

एकवीस वर्षांच्या संसारात माणूस बायकोला एवढं तरी ओळखून असतो की अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मी धम्मशीलाला लिहिलं, 'तुला मालती. मेन रोल आहे.' 'मेन रोल' हे शब्द का घातले, देव जाणे. दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. निदान दोन हात जोडलेले तरी येतील अशी माझी अपेक्षा होती, हे कबूल करतो. आलं ते एवढंच: 'ओके.' तरी मला हलकं वाटलं. चूक झाली होती, कुणी न सांगता माझी मलाच कळली होती, ती मी तीन दिवस आधी दुरुस्तही केली होती. याहून जास्त एखाद्या माणसानं काय करायचं? त्या रात्री मला झोपही छान लागली.

रविवारी मी नेहमीप्रमाणे पाऊण तास आधी गेलो. पाठोपाठच धम्मशीला आली, बाबांना वर सोडून गाडी नीट लावायला परत खाली गेली. तिचे बाबा, सुभाषकाका, बारीक चणीचे, सत्तरीच्या पुढचे, स्वेटरवर कोट आणि त्याच्या खिशाला दोन पेनं. ते "जय भीम" म्हणाले आणि मी "नमस्कार, नमस्कार" म्हणालो, गरजेपेक्षा एकदा जास्त. न सांगताच ते माझ्याबरोबर खुर्च्या मांडायला लागले. मी म्हणालो, "काका, राहू द्या, मी करतो." ते म्हणाले, "सवय आहे जी. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गॅदरिंगच्या खुर्च्या मांडायला शिपाई कधी जागेवर सापडला नाही." मग खुर्चीवरची प्रत उचलून, चष्मा लावून त्यांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हे? हे आम्ही केलं होतं. ऐंशी साली, जयंतीला, आमच्या वस्तीत. पुस्तकाची एकच प्रत, ती पण लायब्ररीची. सगळ्यांची भाषणं मी रात्र-रात्र बसून हातानं उतरवून दिली होती. आबासाहेब मीच होतो." आणि त्यांनी ते भाषण सुरूच केलं, पुस्तक न बघता, दोन ओळी, हलक्या आवाजात, खुर्ची हातात धरूनच. माझ्यासारखं चढवून नाही. घरातल्या माणसाला समजावून सांगावं तसं. मला ते आवडलं, आणि त्याच क्षणी मला ते आवडलं नाही. काका, मग आज तुम्हीच वाचा ना, हे वाक्य माझ्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं, शपथेवर सांगतो. मी म्हणालो, "वा वा. चहा घेणार?"

हळूहळू मंडळी जमली. आमचा नेहमीचा सुयश आला, पाठोपाठ आणखी आठ जण आले, सुचेता उपम्याचा डबा घेऊन आली. धम्मशीला पिवळसर साडी नेसली होती. एरवी ती वॉर्डातून थेट येते, जीन्स आणि जाकिटात. तिच्या प्रतीत मालतीच्या वाक्यांखाली पेन्सिलनं बारीक रेघा मारलेल्या होत्या. तिनं बाबांना आपल्या शेजारी बसवलं. दोन वाजता यतीनचा मेसेज आला: ट्रेन कॅन्सल, रिप्लेसमेंट बस डर्बीतच अडकली आहे, तुम्ही सुरू करा. त्याच्याकडे दोन पात्रं होती, आबासाहेबांचा भाऊ आणि घरातला गडी शिवा. भाऊ सुयशनं घेतला. आता शिवा उरला. मी खोलीभर नजर फिरवली. रिकामे असे चार जण होते. एक बँकेतले गृहस्थ, दोन विद्यार्थी, आणि सुभाषकाका. ही नजर कशी फिरली आणि कुठे थांबली ते मी त्यानंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मधे विचार असा कुठे नव्हताच. मी प्रत पुढे केली आणि अगदी प्रेमानं म्हणालो, "काका, हा शिवा गडी तुम्ही वाचाल? चारच वाक्यं आहेत. सोपं आहे."

त्यांनी प्रत घेतली. माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, असता तर बरं झालं असतं. मग ते म्हणाले, "मला वाचता येत नाही."

आणि कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. हे मी अजून विसरू शकलेलो नाही. कोटाच्या खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरीला चष्मा, आणि खोलीतल्या दहा शिकल्यासवरलेल्या माणसांनी ते एका क्षणात मान्य करून टाकलं. सुयश म्हणाला, "नो वरीज काका, तुम्ही रिलॅक्स, फक्त ऐका." बँकेतले गृहस्थ समजुतीनं हसले. सुचेतानं उपम्याची बशी त्यांच्याकडे सरकवली, जरा जास्तच मायेनं. धम्मशीलानं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं आणि मला कळलंय हेही कळलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. पण वेळ होत होती, खोली पाचपर्यंतचीच होती, आणि लोकांदेखत ते जास्तच अवघडतील, असं मी मनाशी म्हणालो. अवघडणार होतो मी. मी म्हणालो, "शिवाचं मीच वाचतो. चला, अंक पहिला."

नाटक नेहमीसारखंच रंगलं. नेहमीपेक्षा जास्तच, कारण धम्मशीलाची मालती मी कधी ऐकली नव्हती अशी होती. सुचेता मालतीला रडवते. ही मालती रडत नव्हती, ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द ठेवत होती, आणि तिचा नागपुरी हेल कुठेही आड येत नव्हता. सुचेतानं एकदा माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं, इतके दिवस ही कुठे होती या अर्थानं. मी आबासाहेब आणि शिवा दोन्ही वाचत होतो, एका वाक्यात "शिवा, आणखी एक पान मांड" म्हणत होतो आणि दुसऱ्या वाक्यात "जी सरकार". तिसऱ्या अंकात भाषण आलं. मला वाटलं होतं जमणार नाही. छे. ते इतकं घटवलेलं होतं की कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं आपोआप होत गेलं. 'माणसाला शेजारी बसवून घ्यायला फार मोठं मन लागत नाही, थोडं सरकून बसावं लागतं,' हे शेवटचं वाक्य मी दर वेळी डोळे मिटून म्हणतो. तसंच म्हटलं. टाळ्या पडल्या. डोळे उघडले तर सुभाषकाकाही टाळ्या वाजवत होते, हळू, प्रामाणिकपणे, चांगल्या पाठांतराला मास्तर वाजवतात तशा.

यानंतर मालतीचं वाक्य. 'आबा, आज तुमची मुलगी म्हणवून घेताना माझी मान ताठ होते.' मग आबा तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि पडदा. मी थांबलो. वाक्य आलं नाही. धम्मशीला पानाकडे बघत होती. सुचेतानं वाकून तिच्या प्रतीवर बोट ठेवलं, "हे इथे बघ."

"दिसतंय मला, सुचेताताई," ती म्हणाली. "हे वाक्य मी नाही वाचत."

तिनं प्रत मिटली, खुर्चीवर ठेवली आणि बाबांना उठायला हात दिला. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण पुढचं काय ते मीच सांगतो. दोघं दाराबाहेर पडल्यावर मी मागे धावलो. जिना उतरून कार पार्कात त्यांना गाठलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, म्हणून मी नुसतं "धम्मशीला" म्हणालो. ती गाडीचं दार उघडत होती. वळली.

"मिलिंददादा, चार वर्षं मी येत राहिले, कारण मला नाटकं आवडतात. मोलकरणीचं काहीच नव्हतं, मोलकरीण तर मी आयुष्यभर वाचली असती. मी वाट बघत होते, तुमच्या लक्षात येईल म्हणून. गुरुवारी वाटलं, आलं." तिचा आवाज भरून आला होता आणि त्याचा तिला राग येत होता. "रात्री बाबांना सांगितलं मी. की बघा, आलं ना त्यांच्या लक्षात. आता नाही येणार मी."

मी सुभाषकाकांकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून ती शिवाची प्रत होती. त्यांनी ती मिटून, कोपरे सरळ करून माझ्या हातात दिली.

"नाटक चांगलं आहे," ते म्हणाले. "तुम्ही एकदा वाचा."

टोमणा नव्हता त्यात. वर्गातल्या मुलाला सांगावं तसं, मनापासून सांगितलं त्यांनी. गाडी गेली. रडू येत होतं आणि ते येऊ द्यायला जागा नव्हती. मग जिना चढून वर गेलो. चिवडा तसाच होता. बँकेतले गृहस्थ घड्याळ बघत होते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि खरीखुरी होती.

"काय झालं रे? काकांना बरं वाटत नाहीये का?" सुचेतानं विचारलं. "का त्या वाचण्यावरून ऑकवर्ड झालं त्यांना? बिचारे."

हो म्हणालो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पुढच्या महिन्याची तारीख ठरली असती.

"त्यांना वाचता येतं," मी म्हणालो. "चौतीस वर्षं मराठीचे मास्तर होते ते. हे नाटक त्यांनी केलंय. आबासाहेब ते होते. मला दोन वाजायच्या आधीच माहीत होतं, आणि मी त्यांना गडी दिला. तिला चार वर्षं मोलकरीण दिली, तशीच."

सुचेतानं उपम्याची ती बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग ती हळूच म्हणाली, "पण तू मुद्दाम नाही ना केलंस."

"मुद्दाम केलं असतं," मी म्हणालो, "तर एकदाच केलं असतं गं."